पहिला धोंडा कोणाचा?

वर्तमानपत्रात एखादी बातमी आली, तिच्यामुळे गाव पेटले, माणसे मेली आणि मागाहून ती बातमी खोटी होती असे निष्पन्न झाले, तर त्या रक्ताचा दोष कोणाच्या माथी? ज्याने काठी उगारली त्याच्या, हे उघड आहे. न्यायालय त्यालाच शोधते. पण ज्याने ती बातमी न तपासता छापली त्याचे काय? तो म्हणतो, "मी कोणाच्या अंगाला हात लावला नाही. मी तर त्या वेळी कचेरीत बसलो होतो. लोक बोलत होते तेच मी छापले." हे उत्तर नीतीच्या तराजूत टिकते काय, एवढाच प्रश्न या लेखात विचारात घ्यावयाचा आहे. प्रथमदर्शनी तो संपादकांचा प्रश्न वाटेल. पण लेख संपेपर्यंत तो आपल्याच खिशात येऊन बसतो, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

बातमीदारीच्या भाषेत काही आडोसे आहेत. 'असे समजते', 'अशी चर्चा आहे', 'सूत्रांकडून कळते', 'कथित'. हे शब्द प्रामाणिकपणे वापरले तर चांगलेच आहेत. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच आपण सांगत आहो, अशी ती कबुली असते. पण मथळा पानभर आणि 'असे समजते' मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत, असे झाले की त्या कबुलीची पळवाट होते. दूरचित्रवाणीने तर त्याहून सोपी युक्ती काढली आहे. मनाला येईल तो आरोप करावा आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकावे. विचारणारा म्हणतो, मी फक्त प्रश्न केला. ऐकणारा मात्र उत्तर घेऊनच घरी जातो.

या प्रश्नाचा फार खोल विचार मोशेच्या नियमशास्त्रात केलेला आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही नववी आज्ञा आपल्याला लहानपणापासून पाठ असते. परंतु अनुवादाच्या पुस्तकात त्या आज्ञेभोवती तीन कुंपणे घातलेली आहेत, त्यांच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पहिले असे की, एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून कोणालाही दोषी ठरवू नये. दोघे किंवा तिघे हवेत. दुसरे असे की, न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी आणि साक्ष खोटी ठरली तर दुसऱ्यावर जी शिक्षा आणू पाहिली तीच त्या साक्षीदाराला भोगावी लागावी. तिसरे कुंपण सर्वांत विलक्षण आहे. मरणदंडाची वेळ आली तर पहिला धोंडा साक्षीदारानेच मारावा. बाकीच्या लोकांचे हात त्याच्यानंतर.

ती धोंडमार आज कोणालाच परत नको आहे. प्रभूने त्या स्त्रीच्या प्रसंगी पहिल्या धोंड्याचीच गोष्ट काढून आरोप करणाऱ्यांना माघारी पाठविले, हे आपण जाणतो. पण त्या नियमामागचा न्याय जुना झालेला नाही. बोलणारी जीभ आणि मारणारा हात त्या नियमाने एकाच देहाला बांधून ठेवले. ज्याला स्वतःच्या हाताने धोंडा उचलावयाचा आहे, तो साक्ष देण्यापूर्वी रात्रभर तळमळेल. मी खरेच पाहिले काय? अंधार तर नव्हता? तो तोच माणूस होता, की त्याच्यासारखा दुसरा? त्या तळमळीलाच तपासणी असे म्हणावयाचे.

छापखान्याने ही गाठ सोडविली. शब्द एकाचा आणि धोंडा दुसऱ्याचा, अशी सोय झाली. ज्याने बातमी लिहिली तो शहरात आणि ज्याच्यावर ती पडली तो शंभर मैलांवरच्या वाडीत. दोघांची गाठ कधी पडत नाही. म्हणून लिहिणाऱ्याला झोप लागते.

न तपासलेली बातमी कशी तयार होते, हे पाहावयाचे असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा एकविसावा अध्याय वाचावा. पौल यरुशलेमेस आला होता. इफिसचा त्रफिम त्याच्याबरोबर शहरात हिंडताना काही लोकांनी पाहिला. हे खरे होते. त्रफिम परराष्ट्रीय होता, हेही खरे. परराष्ट्रीयाने मंदिराच्या आतल्या अंगणात पाऊल टाकले तर त्याला मरण, हेही खरे. तशी ताकीद देणारा ग्रीक भाषेतील शिलालेख १८७१ साली यरुशलेमेत सापडला आहे. या तीन खऱ्या गोष्टींवर लोकांनी चौथी रचली : पौलाने त्याला मंदिरात नेले असेल. मग 'असेल'चे 'आहे' झाले, 'आहे'ची आरोळी झाली, आणि सगळे शहर धावत सुटले. पौलाला मंदिराबाहेर ओढले, दरवाजे लावून घेतले आणि मारहाण सुरू झाली.

पलटणीचा सरदार शिपाई घेऊन आला. त्याने जमावाला विचारले, हा कोण आहे, याने काय केले? कोणी एक ओरडला, कोणी दुसरेच ओरडला. सरदाराच्याही मनात एक 'असेल' होते. पूर्वी बंड करून पळालेला मिसरी माणूस तो हाच, असे त्याला वाटत होते. पण त्याने तसे जाहीर केले नाही. त्याने पौलाला विचारले. उत्तर आले आणि त्याचा समज एका क्षणात गळून पडला. हा सरदार काही संत नव्हता. फटके मारून कबुली घेण्याचा हुकूमही त्याने दिला होता. तरी दुसऱ्या दिवशी आरोप करणाऱ्यांना समोर बसवून त्याने चौकशी आरंभिली. ज्यांच्याजवळ नियमशास्त्र होते त्यांनी चौकशी केली नाही. ज्याच्याजवळ ते नव्हते त्याने केली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पेटविणारी बातमी सहसा संपूर्ण खोटी नसते. संपूर्ण खोटे लवकर उघडे पडते. खऱ्याच्या तीन विटा आणि वर खोट्याची एक, अशी तिची बांधणी असते. आणि घर कोसळते ते त्या चौथ्या विटेमुळे.

वडोदऱ्याच्या वाचकांना २००२ साल सांगावे लागणार नाही. २७ फेब्रुवारी रोजी गोध्रा स्थानकाजवळ साबरमती एक्स्प्रेसच्या एस-६ डब्यात ५९ माणसे जळून मेली. ही बातमी खरी होती, भयंकर होती, आणि ती देणे वर्तमानपत्रांचे कर्तव्यच होते. परंतु दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गुजराती दैनिकाने पहिल्या पानावर आणखी एक बातमी दिली : जमावाने डब्यातून दहा-पंधरा स्त्रियांना ओढून नेले. पाठोपाठ, त्यांतील दोघींचे विटंबना केलेले मृतदेह सापडल्याचेही छापून आले. पोलिसांनी शोध घेतला, तेव्हा त्याला कसलाही आधार आढळला नाही. पण तोवर राज्य पेटले होते. एडिटर्स गिल्डच्या सत्यशोधन पथकाने त्याच वर्षी अहवाल देऊन काही गुजराती दैनिकांच्या वर्तनावर कडक ठपका ठेवला. दंगलीची कारणे अनेक होती; सगळा दोष एका मथळ्यावर टाकणे हीसुद्धा न तपासलेली बातमीच ठरेल. परंतु तेल कोणी ओतले असे विचारले, तर त्या मथळ्याला हात वर करावा लागेल.

२०२० सालच्या साथीत हेच निराळ्या रीतीने घडले. दिल्लीच्या मरकजमधील मेळाव्यानंतर तेथे येऊन गेलेल्या परदेशी मुसलमानांनीच रोग देशभर पसरविला, असे चित्र कित्येक दिवस रंगविले गेले. मेळावा झाला होता आणि तेथील काही जणांना लागण झाली होती, हे खरे. 'जाणूनबुजून पसरविली' ही चौथी वीट. अशा परदेशी पाहुण्यांवर अहमदनगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) गुन्हे नोंदविण्यात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी ते रद्द केले. वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले असावे, असा अभिप्राय न्यायालयाने नोंदविला. लेवीयाच्या सोळाव्या अध्यायातील त्या बकऱ्याच्या डोक्यावर सर्वांची पापे ठेवून त्याला रानात सोडून देत. बकऱ्याने काय केले होते, हे तेथे कोणी विचारीत नसे.

आता या लोकांच्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पहिले म्हणणे वेळेचे. अंक रात्री छापावयाचा असतो, वाहिनीला तर श्वास घ्यायलाही उसंत नसते. तपासत बसलो तर दुसरा पुढे जाईल. ही अडचण खोटी नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजे, वर जाहिराती गोळा करण्याचे कामही त्याच्याच गळ्यात; त्याच्याकडून सगळी तपासणी मागणे अन्याय आहे. म्हणूनच दोषाचा मोठा वाटा वरच्या खुर्चीकडे जातो. पण सर्वच बातम्यांना सारखी तपासणी लागत नाही. पाऊस येणार ही बातमी चुकली तर फार तर कोणी छत्री उगाच बाळगील. अमक्या जातीच्या किंवा धर्माच्या लोकांनी अमके केले ही बातमी चुकली तर प्रेते पडतील. ज्या बातमीत जितकी आग, तितकी तिची तपासणी अधिक. आणि तपासणीला वेळ नसेल तर बातमी थांबवावी. रॉकेल उशिरा पोहोचले म्हणून आजवर कोणाचे घर जळालेले नाही.

दुसरे म्हणणे असे : "बातमी शेवटी खरी ठरली, मग बिघडले काय?" एखाद्या कंपाउंडरने बाटलीवरची चिठ्ठी न वाचता रोग्याला औषध पाजले आणि दैवयोगाने ते बरोबर निघाले, तर रोगी वाचला याचा आनंद आहेच. पण म्हणून तो कंपाउंडर चांगला ठरत नाही. त्याने रोग्याचा जीव पणाला लावला होता. छापतेवेळी माहीत नव्हते, आणि माहीत नसूनही छापले, येथेच दोष पुरा होतो. पुढे काय निघते तो नशिबाचा भाग आहे, नीतीचा नव्हे.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे. "तपासणीच्या नावाखाली सरकार आमच्या तोंडाला कुलूप घालील." हे भय पोकळ नाही, कारण ते आपण भोगले आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि बातम्या छापण्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्याला दाखविण्याची सक्ती झाली. पुढचे एकवीस महिने देशात खरी बातमी मिळेनाशी झाली. त्यामुळे अफवा कमी झाल्या काय? उलट, जेथे बातमी मरते तेथे अफवेला राज्य मिळते. जे खरे आहे ते कटू असले, अमुक समाजाला झोंबणारे असले, तरी ते छापलेच पाहिजे. मौन हे काही तपासणीचे दुसरे नाव नव्हे.

म्हणून उपाय सरकारी कुलपात नाही. मग तो प्रेस कौन्सिलमध्ये आहे काय? ही संस्था प्रथम १९६६ साली निघाली, आणीबाणीत बरखास्त झाली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. ती वर्तमानपत्राला समज देऊ शकते, त्याचा निषेध नोंदवू शकते. दंड करू शकत नाही. दूरचित्रवाणी तर तिच्या कक्षेतच येत नाही. आणि दिलगिरीचे म्हणाल, तर मथळा पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या पानावर निविदांच्या शेजारी, ही रीत आपण सारेच जाणतो. ज्या पानावर डाग लावला त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात तो पुसावा, एवढा साधा नियम संपादकांनी स्वतःहून पाळला तरी अर्धे काम होईल. पण तोही मागाहूनचाच उपाय. मेलेल्याला खुलासा वाचता येत नाही. छापण्यापूर्वीचा पहारेकरी एकच, आणि तो म्हणजे सद्सद्विवेक.

येथवर वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी मान डोलाविली असेल. कारण आपल्यावरही हे बेतले आहे. आमच्या ओळखीच्या एका लहान मंडळीत आजारी वृद्धेच्या घरी आठ-दहा जण प्रार्थनेला जमले होते. दोन दिवसांनी स्थानिक पत्रात बातमी आली, 'आमिष दाखवून धर्मांतर, परिसरात चर्चा'. त्या घरी एकही वार्ताहर फिरकला नव्हता. मंडळीच्या पाळकांना कोणी विचारलेही नव्हते. ती आजी जन्मापासून ख्रिस्ती! पुढे कित्येक आठवडे तिच्या नातवंडांना शाळेत खाली मान घालून बसावे लागले. अशा वेळी आपल्याला नववी आज्ञा चटकन आठवते. परंतु दुसऱ्या समाजाविषयी तसेच काही छापून आले की आपण "असेलही बुवा" म्हणून तो कागद शेजाऱ्याला दाखवितो. आज्ञा शेजाऱ्याविषयी आहे, स्वकीयांविषयी नव्हे.

आपला इतिहास या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलतो. पहिल्या शतकांत ख्रिस्ती लोक गुप्त सभेत बालके मारून खातात, अशी आवई रोमी साम्राज्यात उठली होती. इ.स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनाने तिला उत्तर दिले. त्याचा मुद्दा असा की, अफवा ही सिद्ध होत नाही तोवरच अफवा असते. सिद्ध झाली की तिचे नाव बदलते. मग इतकी वर्षे ही अफवाच का राहिली? त्याच्याही आधी, सुमारे ११२ साली, बिथुनियाच्या सुभेदाराकडे ख्रिस्ती लोकांच्या नावांचे एक निनावी पत्रक आले, तेव्हा सम्राट ट्राजनाने कळविले की निनावी आरोपाला कोणत्याही खटल्यात थारा देऊ नये. छळ करणारा राजा, पण निनावी कागदाला त्यानेही दार बंद ठेवले.

आणि दुसरी बाजू? १४७५ साली, छापखाना निघून जेमतेम वीस-पंचवीस वर्षे झाली असतील, ट्रेंट नगरात एक लहान मूल नाहीसे झाले. एका यहूदी घराखालच्या पाण्यात त्याचे प्रेत सापडले. घरच्या लोकांनीच अधिकाऱ्यांना कळविले. तरी यहूद्यांनी आपल्या विधीसाठी ख्रिस्ती बालकाचे रक्त काढले, असा बोभाटा झाला. यातना देऊन कबुल्या घेतल्या, माणसे मारली, आणि चित्रे घातलेली पत्रके छापून ती कथा देशोदेशी गेली. त्या मुलाला संत मानून जी भक्ती सुरू झाली ती रोमच्या मंडळीने १९६५ साली बंद केली. खुलासा यायला ४९० वर्षे लागली. ते आपले नव्हे, असे प्रॉटेस्टंट वाचकाने म्हणू नये. १५४३ साली मार्टिन ल्यूथरने यहूद्यांविरुद्ध पुस्तक लिहिले, त्यात विहिरीत विष घालण्याचे आणि मुले पळविण्याचे तेच आरोप पुन्हा उगाळले. विश्वासाच्या बाबतीत ज्याने सगळे मूळ ग्रंथाशी ताडून पाहिले, त्याने शेजाऱ्यावरच्या आरोपाच्या बाबतीत ऐकीव गोष्ट पुरेशी मानली.

मुलांची गोष्ट निघाली की माणूस पुरावा मागत नाही. म्हणूनच ही अफवा इतकी शतके टिकली. रविवार, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे ती पुन्हा आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केले. त्या वर्षी अशा अफवा मोबाइलवरून देशभर फिरत होत्या. त्यांतील एक चित्रफीत मूळची कराचीची, मुलांना जपा असे पालकांना सांगण्यासाठी केलेली. पळविलेले मूल लगेच परत आणून सोडतात, हा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. पुन्हा तेच : तीन विटा खऱ्या, चौथी खोटी. त्याच सुमारास मालेगावात अशाच संशयाने जमावाने घेरलेल्या काही जणांना पोलिसांनी वाचविले. यरुशलेमेच्या त्या सरदाराने पौलाला गढीत नेले, तसेच हे झाले.

राईनपाड्याची बातमी कोणत्या संपादकाने छापली? कोणत्याही नाही. ती हजारो लोकांनी थोडीथोडी छापली, प्रत्येकाने आपल्या अंगठ्याने. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही, असे केले. यंत्राने आकडा घातला. पण पाच ठिकाणी पाठविलेले खोटे हे पाच ठिकाणचे खोटेच असते. आज ज्याच्या खिशात मोबाइल आहे तो प्रत्येक जण वार्ताहर आहे, संपादक आहे आणि छापखान्याचा मालकही आहे. त्यामुळे संपादकाला लावलेला तराजू आपल्यालाही लागतो.

तेव्हा अशी एखादी बातमी हाती आली की पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे कोणी प्रत्यक्ष पाहिले, आणि तो मला ठाऊक आहे काय? यातले खरे कोणते आणि 'असेल'चे 'आहे' कोठे झाले? आणि तिसरा : ही बातमी ज्याच्याविषयी आहे त्याच्या दारात उभे राहून, त्याच्या मुलाबाळांदेखत, ती मी मोठ्याने वाचू शकेन काय? या तिसऱ्या प्रश्नाने जीभ आणि हात यांची सुटलेली गाठ पुन्हा बसते. कारण साक्षीदाराला पहिला धोंडा मारावयास सांगणाऱ्या त्या प्राचीन नियमाचे म्हणणे एवढेच होते की, ज्याच्यावर तुझा शब्द पडणार आहे त्याच्या तोंडाकडे आधी पाहा. ज्याला तेथे उभे राहता येत नाही, त्याने तो शब्द छापू नये आणि पुढेही पाठवू नये.